डोहातल्या मरळीसाठी काठी

एका राज्यात एक राजकन्या होती, आणि त्या राज्याचे नाव सांगणाऱ्यांनी मुद्दाम गाळले आहे, म्हणजे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्याच वेशीपलीकडचे वाटावे. राजकन्येचे नाव कनकलेखा. तिची आई तिला जन्म देऊन गेली. वडील पुढे लढाईत गेले. राजगुरूंनी तिला श्लोक शिकवले आणि बाकी सगळे येसाईने शिकवले.

येसाई तिची दाई, डोहाकाठच्या भोयांची लेक, मासे धरणाऱ्या घरातली. माशातला काटा जिभेने कसा ओळखावा, गुंतलेले केस कसे सोडवावेत, रागावलेल्या माणसापुढे आधी काय बोलावे, हे सारे कनकलेखेला तिच्यामुळे ठाऊक झाले. राजवाड्यातली माणसे येसाईला गावंढळ म्हणत, आणि दुखले खुपले की गुपचूप तिच्याच दाराशी येत.

कनकलेखा मोठी झाली. राज्याभिषेकाचा दिवस ठरला. दरबारात कपालकेतू नावाचा मांत्रिक होता. त्याला सिंहासनाची फार दिवसांची आस. मुकुट कनकलेखेच्या मस्तकावर टेकणार, तोच त्याने ओंजळीत पाणी घेतले, मंत्र पुटपुटला आणि ते पाणी तिच्या दिशेने फेकले. पाण्याचा हवेतच काळा भुंगा झाला. दरबारी शूर होते. कुणी ढाल कुठे ठेवली ते आठवू लागले, कुणी राजगुरूंच्या तोंडाकडे पाहू लागले. येसाई मात्र चवरी टाकून पुढे झाली. भुंगा तिच्या कपाळावर बसला.

येसाई खाली कोसळली. तिचे अंग पाषाणासारखे थंड पडले. डोळे उघडे, श्वास जेमतेम. तिच्या ओठांतून एक मोती घरंगळला आणि कपालकेतूने तो उचलला.

मांत्रिकांना आपली करामत चारचौघांत सांगितल्यावाचून अन्न पचत नाही. तो म्हणाला, "राजकन्ये, हा तुझ्या दाईचा प्राण आहे. हा मी काळडोहातल्या मरळीच्या घशात ठेवीन. मरळ मेली तर दाई मेली. मोती तिच्या जिवंत मुखातून बाहेर आला तर दाई उठेल. त्या डोहातल्या यंदाच्या शेवटच्या कमळाची शेवटची पाकळी गळाली की मोती विरून जाईल."

"आणि राज्य?" राजगुरूंनी विचारले.

"राजकन्या मासे धरून येईपर्यंत राज्य मी पाहीन," कपालकेतू म्हणाला, आणि कुणी काही बोलण्याआधी सिंहासनावर बसला. त्याच दिवशी राज्यातल्या विहिरी खारट झाल्या.

कनकलेखेने मुकुट खाली ठेवला. येसाईला स्वतःच्या पलंगावर निजवले, तिचे उघडे डोळे ओल्या कापडाने पुसले आणि ती बाहेर पडली. राज्य गेल्याचे तिला दुःख नव्हते. आपल्यासाठी आलेले मरण येसाईने कपाळावर घेतले, आणि तिला साधे 'तू का पुढे झालीस' एवढेही विचारता आले नाही, हे तिला सहन होत नव्हते.

नदीच्या घाटावर एक खंड्या बसला होता. निळा, चोच लाल, बोलणे तुसडे. तो म्हणाला, "राजकन्ये, थांब. येसाई मासे निवडायला बसली की बारीक मासळी माझ्यासाठी बाजूला ठेवी. तिचे अन्न माझ्या पोटात आहे. मी तुला वाट दाखवतो."

चालता चालता खंड्याने तिला मरळीची माहिती दिली. मरळीचे डोके सापासारखे आणि जबडा हाडाचा. गळ त्यात सहजी रुतत नाही. लवचीक काठीने हिसका दिला तर काठीच वाकते आणि गळ नुसता घासून निघतो. ताठ काठीने हिसका दिला तर दोरा तटकन तुटतो. शिवाय ही मरळ मंत्राने भारलेली. एकदा चुकलेले आमिष ती पुन्हा धरणार नाही. म्हणजे सगळे काठीवर आले. अशा मरळीला पुरेल अशी काठी जगात एकाच ठिकाणी मिळे, वेळूबनातल्या यक्षाकडे.

वेळूबन म्हणजे बांबूचे अफाट रान. यक्ष तिथल्या सर्वांत उंच बांबूच्या शेंड्यावर बसलेला होता आणि बांबू त्याच्या भाराने जराही वाकला नव्हता.

"माझ्याकडे तीन काठ्या आहेत," यक्ष म्हणाला. "एक काळ्या शिसवीची, एक भरीव वेळूची, एक पांढऱ्या वेताची. एकेका काठीसाठी एकेक काम. काम झाले की काठी हातात घेऊन पाहता येईल. बनाबाहेर एका वेळी एकच जाईल."

"काम सांगावे," कनकलेखा म्हणाली.

पहिले काम असे. यक्षाची सावली त्याच्याशी भांडून पळाली होती आणि बनातल्या लाखो सावल्यांत दडून बसली होती. ती शोधून आणायची. कनकलेखा सकाळभर हिंडली. सावल्यांनी भरलेल्या रानात एक सावली शोधायची म्हणजे काय, ते ज्याने शोधली त्यालाच ठाऊक. शेवटी ती थकून बसली आणि सूर्य माथ्यावर येण्याची वाट पाहू लागली. भर मध्यान्ही साऱ्या सावल्या आपापल्या बांबूच्या पायाशी आल्या. एकच सावली उघड्यावर लांबलचक पडून राहिली, कारण जाऊन बसावे असा तिचा बांबूच नव्हता. कनकलेखेने तिला हळूच गुंडाळले आणि समजूत घालत यक्षाकडे नेले. शिसवीची काठी तिच्या हाती आली. ती जड होती, ताठ होती, वाकवू गेले तर मनगट दुखे.

दुसरे काम. बनातले बांबूचे सर्वांत जुने बेट फुलले होते. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, बी धरतो आणि मरतो. ते बी उंदरांनी बळकावले होते, आणि बी पेरले नाही तर ते बेट कायमचे जाणार. यक्षाने उंदरांवर साप सोडले होते, घुबडे सोडली होती. उंदीर आणखी खोल गेले होते. कनकलेखा बिळाशी गुडघे टेकून बसली आणि तिने बी मागितले.

उंदरांचा राजा बाहेर आला. "आजवर आमच्याशी सगळे लढले," तो म्हणाला. "मागितले कुणी नाही."

"मी मागते आहे. उपकार होतील."

उंदरांच्या राजाने निम्मे बी आणून ठेवले, आणि वर पेरायला मदतही केली, कारण जमीन उकरण्यात उंदरांचा हात धरणारे कोण आहे? भरीव वेळूची काठी कनकलेखेच्या हाती आली. बुडाशी दणकट, शेंड्याशी हलकी, हलवली की झपकन सरळ होणारी. खंड्याने ती पाहताच मान डोलावली.

तिसरे काम. वेताच्या काटेरी जाळीत एक वारा अडकला होता. चारी अंगांनी फाटला होता आणि कण्हत होता. एकही वेत न तोडता त्याला सोडवायचे. कनकलेखा जाळीपाशी गेली आणि तिला येसाईचा हात आठवला. गुंतलेल्या केसांत येसाई कधी मुळापासून फणी घालत नसे. टोकापासून सुरू करी, वरचे केस मुठीत धरी, म्हणजे ओढ डोक्याला लागत नसे. कनकलेखेने वाऱ्याला तसेच सोडवले. काटा काटा बाजूला करत, फाटका पदर मुठीत धरत. सुटला तेव्हा वारा तिच्या गालाला लागून गेला. तिला रडू आले, कारण आयुष्यात किती माणसे आपले गुंते असे हळू हातांनी सोडवतात, आणि आपल्याला ते कळतसुद्धा नाही.

वेताची काठी तिच्या हाती आली. पांढरी, सडपातळ आणि इतकी लवचीक की शेंडा बुडाला टेकवला तरी तिची तक्रार नाही.

"निवड," यक्ष म्हणाला.

निवड अवघड नव्हती. शिसवीने दोरा तुटला असता. वेताने गळ रुतला नसता. कनकलेखेने वेळूची काठी उचलली. खंड्या म्हणाला, शहाण्या माणसाने हेच केले असते.

काळडोह डोंगरांच्या कुशीत होता. त्याचे पाणी काळे आणि स्वच्छ. मध्यभागी शेवटचे कमळ उरले होते आणि त्याच्या थोड्याच पाकळ्या शिल्लक होत्या. कनकलेखेने दोरा बांधला, गळ बांधला, गळाला बेडूक लावला. काठी उगारली.

तेवढ्यात कमळाशेजारचे पाणी खळबळले, भाताला आधण यावे तसे. पाण्यावर एक शेंदरी पुंजका वर आला. शेकडो पिल्ले होती ती, बोटाच्या पेराएवढी, एकमेकांना चिकटून श्वास घ्यायला वर आलेली. आणि त्यांच्याखाली, पाण्यात बुडालेल्या ओंडक्यासारखी, मरळ उभी होती.

कनकलेखेचा हात उगारलेला तसाच राहिला.

पिल्लांवरच्या मरळीला गळ लावायचा नाही, ही डोहाकाठच्या भोयांची रीत. शेंदरी पुंजका दिसला की भोई काठी खाली ठेवतो, पाण्याला हात जोडतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. घरी चूल पेटायची असली तरी जातो. आई गेली की ती पिल्ले दिवस मावळायच्या आत संपतात. येसाईने हे तिला गोष्टीसारखे कितीदा सांगितले होते.

"पिल्ले आहेत हे तू का नाही सांगितलेस?" तिने खंड्याला विचारले.

"मला वाटले, तो तिचा फराळ आहे," खंड्या म्हणाला. खंड्याला पिल्ले म्हणजे एवढेच ठाऊक.

आता तिला कपालकेतूचा कावा कळला. वाईट माणूस गळ टाकील आणि मरळ मरेल. चांगला माणूस गळ टाकणारच नाही. येसाईचा प्राण त्याने अशा जागी ठेवला होता, जिथे येसाईचीच शिकवण कुलूप होऊन बसली होती. कमळाची एक पाकळी पाण्यावर पडली.

कनकलेखा काठावर बसली. गळ टाकला असता तर येसाई कदाचित उठली असती; पण उठल्यावर तिने पहिला प्रश्न काय विचारला असता, हेही कनकलेखेला माहीत होते. ती नुसती पाहत राहिली. एक पाणकावळा पुंजक्याकडे पोहत आला. मरळीने खालून मुसंडी मारली, त्याचा पाय जबड्यात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग सोडला. तिने त्याला खाल्ले नाही. तिला भूक नव्हती, राग होता.

कनकलेखा ताडकन उठली. जी रागाने धरते तिला गळ कशाला हवा?

ती धावत वेळूबनात गेली आणि वेळूची काठी यक्षासमोर ठेवली. यक्ष प्रथमच बांबूवरून खाली उतरला. आजवर ज्यांना मासा मिळाला त्यांनी काठी ठेवून घेतली होती आणि ज्यांना मिळाला नाही त्यांनी मोडून टाकली होती. परत आणलेली काठी तो पहिल्यांदाच पाहत होता. त्याने कारण विचारले. तिने सांगितले.

"मग कोणती नेतेस?"

"वेताची."

"वेताने मरळ कुणी धरलेली नाही."

"गळ रुतवायचा असता तर मीही नेली नसती," कनकलेखा म्हणाली. "मी माशाचा जबडा पाहून काठी निवडली, मासा काय करतो आहे ते पाहिलेच नाही. चूक माझी. आता हिसका द्यायचा नाही. तिने धरले की तिच्याबरोबर वाकायचे आहे."

यक्षाने वेताची काठी दोन्ही हातांनी तिला दिली. "जपून आण," तो म्हणाला, आणि काठी परत येणार हे तो धरूनच चालला होता.

ती डोहावर पोचली तेव्हा कमळाला एकच पाकळी उरली होती. कनकलेखेने दोरा वेताला बांधला आणि गळ सोडून बेडकासकट काठावर ठेवला. राज्याभिषेकाचा लाल शेला अजून तिच्या खांद्यावर होता. त्याची जाड पट्टी फाडून तिने दोऱ्याला घट्ट गाठ मारली आणि ती चिंधी पिल्लांच्या जवळ, पण पिल्लांना लागणार नाही अशी, पाण्यावर टाकली.

मरळ आली. पाणी फुटले आणि चिंधी तिच्या जबड्यात गेली. दात कापडात गुंतले. मरळीने खाली ओढ घेतली, वेत वाकला. आणखी ओढ घेतली, आणखी वाकला. शेंडा पाण्याला टेकला. कनकलेखेने ओढले नाही. मरळ दमली की वेत आपण होऊन सरळ होई आणि तिला थोडे काठाकडे आणी. वेळूची काठी असती तर पहिल्याच ओढीला चिंधी दातांतून निसटली असती. अशी वाकत, सरळ होत, मरळ काठाशी आली, आणि तिच्यामागून शेंदरी पुंजकाही आला, कारण पिल्ले जाणार कुठे?

उथळ पाण्यात मरळीने डोके वर काढले.

"गळ का नाही लावलास?" तिने विचारले.

"तुझ्यामागे लेकरे आहेत."

"ती मोठी होत नाहीत," मरळ म्हणाली. "तो मोती घशात ठेवला त्या दिवसापासून एकही पिलू वाढलेले नाही. मी खात नाही, झोपत नाही. नुसती राखत बसते. मोती काढ, मुली. पण घशाशी काही आले की माझे दात मिटतात, ते माझ्या हाती नाही."

"मिटू देत," कनकलेखा म्हणाली, आणि तिने हात आत घातला.

दात मिटले. दुखले, आणि खूप दुखले, कारण मंत्राच्या मरळीचे दातही खरेच असतात. कनकलेखेने हात मागे घेतला नाही. बोटांना मोती लागला, तिने तो मुठीत धरला आणि मूठ बाहेर काढली. त्याच क्षणी कमळाची शेवटची पाकळी गळाली. ती गळाली तेव्हा मोती बाहेर होता.

डोहात नवल झाले. शेंदरी पुंजका काळवंडला, वाढला, ताणला गेला. पाहता पाहता पिल्लांच्या धडधाकट मरळी झाल्या आणि वेगवेगळ्या दिशांना निघून गेल्या. एकीनेही मागे वळून पाहिले नाही.

"नीट जा म्हणायला मला वेळसुद्धा मिळाला नाही," मरळ म्हणाली. "पण चांगले झाले. फार चांगले झाले. तुझे उपकार आहेत, मुली. आता मला भूक लागली आहे."

कनकलेखेने दातांत गुंतलेली चिंधी टोकापासून हळूहळू सोडवली, रक्ताळलेल्या हातांनी पाण्याला नमस्कार केला आणि काठावरच्या गळातून बेडूक काढून मरळीपुढे सोडला. मरळीने तो खाल्ला आणि ती खोल गेली.

वेताची काठी यक्षाला पोचली. कनकलेखेने त्याच्या पायांना हात लावला, सावलीलाही लावला. यक्षाला ते आवडले, सावलीला जास्त आवडले. खंड्याला तिने विचारले, तुला काय देऊ? खंड्या म्हणाला, मी आधीच जेवलेलो आहे.

इकडे दरबारात कपालकेतू नवा हुकूम देत होता. वाक्याच्या मध्येच त्याची जीभ थांबली. आपली सारी विद्या त्याने त्या एका मोत्यावर लावली होती. मोती सुटला तशी ती गेली. पहिला मंत्र आठवेना, मग शेवटचा आठवेना, मग सिंहासनावर आपण कशासाठी बसलो तेही आठवेना. तो उठला, लोकांना वाट विचारत बाहेर पडला, आणि द्वारपालाने त्याला माणुसकीने पाणी दिले. पाणी गोड लागले. विहिरी पूर्ववत झाल्या होत्या.

कनकलेखेने मोती येसाईच्या ओठांवर ठेवला. तो विरघळला. येसाईच्या अंगात ऊब आली, पापण्या हलल्या, तिने मान वळवली आणि आधी पाहिला तो हाताला बांधलेला फडका.

"मरळ चावली व्हय?"

"हो."

"पिल्लांवरची होती?"

"होती. गळ नाही लावला, येसाई. पिल्ले मोठी झाली आणि गेली."

येसाईने तिचा दुखरा हात आपल्या गालाशी धरला आणि ती रडली. कनकलेखाही रडली. मग ती बोलली, इतके दिवस जे घशाशी अडले होते ते. म्हणाली, मी श्वास घेते आहे तो तुझ्यामुळे. केस विंचरायला शिकले ते तुझ्यामुळे. मागायला शिकले, थांबायला शिकले, सगळे तुझ्यामुळे. आता मी राणी होणार. तुला काय देऊ ते सांग, राज्यातले काहीही माग.

येसाईने फार वेळ विचार केला नाही. "मला घरी जाऊ दे, बाळा," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. भाऊ म्हातारा झाला असंल. डोहाकाठी बसावं वाटतं."

कनकलेखेला वाटले, नको म्हणावे. अजून सिंहासनावर बसायचे होते, मागे चवरी घेऊन येसाई हवी होती, रागावलेल्या माणसांपुढे काय बोलावे ते विचारायला हवे होते. तिने तोंड उघडले. समोर येसाईचा चेहरा होता, वाट पाहणारा, आणि नाही म्हटले असते तर येसाई हसत राहिली असती, मरळीसारखी राखत बसली असती.

"जा," कनकलेखा म्हणाली. "मी पोचवायला येते."

राज्याभिषेक झाला. दुसऱ्या दिवशी नवी राणी पालखीच्या बाजूने पायी चालत डोहाच्या वाटेवर गेली. येसाईच्या भावाचे घर दिसू लागले तशी येसाई खाली उतरली. दोघी एकमेकींना बिलगल्या. मग येसाई म्हणाली, "आता तू जा. मागं बघू नगंस, म्हंजी मला जाता येईल."

कनकलेखा निघाली. वळणापर्यंत तिने मान फिरवली नाही. वळण ओलांडल्यावर ती झाडाखाली बसून मनसोक्त रडली, डोळे पुसले, आणि राज्य करायला गेली. ते तिने फार चांगले केले, असे त्या राज्यातले लोक सांगतात.

जिने राखले ती घरी पोचली, जिला राखले ती आपल्या पायांनी चालू लागली. ऐकणाऱ्यांना राखणारी माणसेही आपापल्या घरी सुखाने पोचोत, आणि ही गोष्ट इथे टेकली.